रस्त्यावरची कुत्री घरी आणली, पलंगाखालून निघेना

प्रश्न: दीडेक वर्षाची मादी, एका कानाला खाच. कालपासून पलंगाखाली, खात नाही. ओढून काढू का? आंघोळ कधी घालू?

माऊची_आई: ओढू नका, चावेल! पाणी जवळ सरकवून ठेवा, वर्दळ कमी करा. भात आणि बिनमिठाचं उकडलेलं चिकन थोडं थोडं द्या, कांदा-लसूण नको. रात्री ११ नंतर रस्ता शांत झाला की बाहेर न्या. फरशीवर शू करणं तिला ठाऊकच नाही, माती-गवत लागतं. २४ तासांत झालीच नाही तर डॉक्टर गाठा.

गल्लीतला_टॉमी: नुसता गळपट्टा नको. दचकली की मागे रेटते आणि डोकं सोडवून पसार. हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) आणि गळपट्टा, दोन्हींना वेगळी दोरी. पहिले दोन-तीन आठवडे हाच खरा धोका.

खाच म्हणजे नसबंदी झालेली. रेबीजची लस बहुधा तेव्हाच दिलेली असते, पण कागद नसेल तर पुन्हा टोचून घ्या.

पुणेरी_पंजा: गोचीड कानात आणि बोटांच्या बेचक्यात बघा. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ उपटा, रॉकेल लावू नका. हिरड्या फिकट, अंगात ताप असेल तर रक्त तपासा. गोचिडांमुळे येणाऱ्या तापाने प्लेटलेट घसरलेल्या असू शकतात.

आंघोळ? पंधरा दिवस वास सोसा.