मदत हवी आहे: हेवी मेटल रॉक गाण्यात तुम्ही आधी काय ऐकता?

फोंड्यात आम्ही चौघांनी बँड काढलाय, पहिलं मराठी मेटल गाणं बसवतोय आणि ते साडेसहा मिनिटांचं झालंय, आता कापायचं काय यावर रोज वाद. माझ्या मते जीव रिफमध्येच (गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या धूनमध्ये) असतो, ब्लॅक सॅबथ या मेटल बँडच्या टोनी आयोमीने १९७१ मध्ये गिटारचा सूर तीन सेमीटोन (अर्धे स्वर) खाली उतरवला, तो जडपणा अजून अंगावर येतो. ड्रमर घुमट (आपलं मातीचं तालवाद्य) वाजवत वाढलाय, त्याला डबल बासचा, म्हणजे दोन्ही पायांनी वाजवायच्या बास ड्रमचा ठेका आधी लागतो. गायकाला ग्राउल, म्हणजे घशातून गुरगुरत गाणं हवं, पण मग मराठी शब्द कळणार कसे? दीड मिनिटाचा सोलो मला तरी नकोच वाटतो. प्लीज सांगा, नवीन गाणं ऐकताना तुम्ही कशामुळे ऐकत थांबता आणि कुठे आल्यावर बंद करता? शब्द नाही समजले तर चालतं का तुम्हाला?