पिकअपच्या मागच्या चाकातून पुन्हा ऑइल येत आहे: फक्त सील बदलून भागेल का?

प्रश्न (भाजीवाहक)

नमस्कार. माझ्याकडे एक टनाचा डिझेल पिकअप आहे आणि हंगामात मी त्यातून टोमॅटो व भाजीपाला जुन्नर भागातून माळशेज घाटाने कल्याणच्या बाजारात नेतो. गेल्या पावसाळ्यानंतर डाव्या मागच्या चाकाचे ऑइल सील बदलून घेतले होते. आता त्याच चाकाच्या आतल्या बाजूने टायरवर पुन्हा काळपट तेल उतरू लागले आहे, आणि घाट उतरताना ब्रेक दाबला की गाडी किंचित उजवीकडे ओढते. गॅरेजमध्ये सांगतात की नवे सील टाकू, ब्रेकचे लायनर (ड्रमवर दाबल्या जाणाऱ्या पट्ट्या) पेट्रोलने धुऊन तेच पुन्हा बसवू आणि संध्याकाळी गाडी देऊ. ऐन हंगामात गाडी उभी ठेवणे परवडत नाही. तरीही एवढ्या कामाने प्रश्न सुटेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (जुना फिटर)

काम होईपर्यंत माल भरून घाट उतरू नका, ही कळकळीची विनंती आहे. गाडी एका बाजूला ओढते याचा अर्थ डाव्या चाकाचे लायनर तेलात भिजून पकड सोडू लागले आहेत, असाच बहुधा निघेल.

ड्रम काढल्यावर आधी गळती कशाची आहे ते ठरवा. क्राउनचे (मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गिअरचे) ऑइल दाट असते आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. ब्रेक ऑइल पातळ असते आणि ते व्हील सिलेंडरच्या (लायनर ड्रमवर ढकलणाऱ्या भागाच्या) रबरी टोपीखाली सापडते. टोपी उचलून आत ओल दिसली, तर दोष सिलेंडरचा आहे आणि सील कितीही वेळा बदलले तरी गळती थांबणार नाही.

उत्तर (हौसिंग दुरुस्ती)

तेल क्राउनचेच निघाले, तर नवे सील इतक्या लवकर का हरले याचा शोध घेतल्याशिवाय पुढचे सील बसवू नये, असे माझे ठाम मत आहे.

सर्वांत आधी हौसिंगच्या (क्राउन आणि ॲक्सल ज्यात बसतात त्या कवचाच्या) वरचा ब्रीदर पाहा. गाडी चालताना क्राउनमधले ऑइल आणि हवा तापते, हवा प्रसरण पावते आणि ती ब्रीदरमधून बाहेर पडते. चिखलाने ब्रीदर बुजला असेल तर आतला दाब वाढून तेल सीलच्या ओठाखालून बाहेर ढकलले जाते. पावसाळ्यात शेतरस्त्यांवर फिरणाऱ्या गाड्यांत हे नेहमी आढळते, आणि दोन मिनिटांचे काम असूनही ते कोणी तपासत नाही, याचे वाईट वाटते. त्यानंतर गाडी सपाट जागी, थंड असताना ऑइलची पातळी बघा: ती भरण्याच्या बुचाच्या छिद्राच्या खालच्या काठापर्यंत असावी, त्याहून जास्त नको. ऑइल दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे, मग ते पूर्ण बदलावे लागेल. मात्र निचऱ्याचे बूच उघडण्यापूर्वी भरण्याचे बूच सुटते की नाही याची खात्री करून घ्या.

दुसरे कारण बेअरिंगचे. अशा बहुतेक पिकअपमध्ये मागचा ॲक्सल केवळ चाक फिरवत नाही, तर त्या बाजूचा भारही त्याच्याच बेअरिंगवर येतो. बेअरिंग झिजले की ॲक्सल वर-खाली हलतो आणि सीलचा ओठ एका बाजूने दाबला जाऊन दुसऱ्या बाजूने उघडा पडतो. गाडी घोडीवर (आधाराच्या स्टँडवर) घेऊन, पुढच्या चाकांना ठोकळे लावून, मागचे चाक वर-खाली हलवून पाहा आणि हाताने फिरवून खरखर येते का ते ऐका.

लायनरबाबत तडजोड करू नका. लायनर सच्छिद्र असतो. पेट्रोलने वरचे तेल निघते, पण आत मुरलेले तेल ब्रेक तापला की पुन्हा पृष्ठभागावर येते. शिवाय एकाच बाजूचे लायनर बदलले तर पकड असमान राहते, म्हणून दोन्ही मागच्या चाकांचे एकदम बदला. ड्रम ब्रेक क्लीनरने स्वच्छ करा. आतली धूळ हवेच्या पाइपने उडवू देऊ नका, कारण जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसून घ्या.

भाजीवाहक

आपणा दोघांचे मनापासून आभार. ड्रम उघडून पाहिला. तेल दाट आहे, सिलेंडर कोरडा आहे आणि ब्रीदर मातीने पूर्ण बुजलेला निघाला. चाकालाही थोडा खेळ जाणवतो. ॲक्सल बाहेर काढला असता सील जिथे टेकते तिथे एक बारीक चर दिसते. या चरीमुळे ॲक्सलच बदलावा लागेल का?

उत्तर (लेथवाला)

चरीवरून नख फिरवून पाहा. नख अडकत नसेल, तर बारीक पॉलिश पेपर ॲक्सलच्या गोलाईनेच फिरवून जागा गुळगुळीत करता येते. लांबीच्या दिशेने घासू नये, कारण त्या ओरखड्यांतून तेलाला बाहेर यायला वाट मिळते. नख अडकत असेल, तर त्या जागेवर चढवायची पातळ पोलादी स्लीव्ह मिळते आणि तिच्यावर मूळ मापाचेच सील चालते. ॲक्सल वाकलेला असेल किंवा स्प्लाइन (ॲक्सलच्या टोकावरचे दाते) झिजल्या असतील, तरच तो बदला.

खेळ आहे म्हणजे बेअरिंग बदलावे लागेल आणि त्यासोबत कॉलरही (बेअरिंगला ॲक्सलवर धरून ठेवणारी घट्ट रिंग) नवी घ्यावी लागेल. जुनी कॉलर थोडी ग्राइंड करून छिन्नीने तडकवून काढतात. ॲक्सलला ग्राइंडर लागू देऊ नये आणि गॅस कटर तर अजिबात वापरू नये, कारण उष्णतेने ॲक्सलचे पाणी (पोलादाचा कठीणपणा) उतरते. नवी कॉलर प्रेसवरच बसवून घ्या. ती सैल बसली म्हणून वेल्डिंगचे टाके मारणारे काही जण असतात, त्यांना स्पष्ट नकार द्या. अशा रचनेत ॲक्सल हौसिंगमध्ये धरून ठेवण्याचे काम ती कॉलरच करते, आणि ती सुटली तर चाकासकट ॲक्सल बाहेर येतो.

सील बसवताना स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवा, ओठांना ग्रीस लावा आणि सीलच्या मापाच्या गोल तुकड्याने सगळीकडून सारखे ठोकत ते सरळ बसवा. ॲक्सल आत घालताना त्याचे वजन हाताने उचलून धरा. स्प्लाइन सीलवरून घासत गेल्या तर नवा ओठ तिथेच फाटतो. ब्रेकचा पाइप सोडला असेल तर शेवटी ब्रेकमधली हवा काढून घ्या, आणि पहिल्या काही फेऱ्यांनंतर चाकाची आतली बाजू हात फिरवून तपासा.