‘टीएलपी : अंबर’ मराठीत कसं लिहावं?

भाषांतरवाली: सहकारी बँकांतल्या कर्मचाऱ्यांसाठी सायबर सुरक्षेची पुस्तिका मराठीत करतेय. परदेशी संस्थांकडून येणाऱ्या सूचनांवर ‘टीएलपी : रेड’, ‘टीएलपी : अंबर’ असे ‘ट्रॅफिक लाइट प्रोटोकॉल’चे (टीएलपी) शिक्के असतात. आधीच्या मसुद्यात ‘अतिधोकादायक’ आणि ‘गोपनीय’ केलंय. चालेल?

नेटवर्कवाला: अजिबात नाही. हवामान खात्याच्या रेड अलर्टचा हा परिणाम. तिथे रंगावरून संकट केवढं ते कळतं, इथे माहिती कुठवर न्यायची ते. रेड म्हणजे ज्या व्यक्तींना दिलं त्यांच्यापुरतंच; बैठकीत सांगितलं तर हजर असलेल्यांपुरतं. अंबर म्हणजे आपली संस्था आणि तिचे ग्राहक, तेही गरजेपुरते. पुढे ‘स्ट्रिक्ट’ असेल तर ग्राहकांनाही नाही. ग्रीन आपल्या क्षेत्रातल्या मंडळींत चालेल, जाहीर नको. क्लिअर असेल तर खुशाल गावभर करा (२०२२ पर्यंत याला व्हाइट म्हणत). भयंकर धोक्याची सूचनाही क्लिअर असू शकते. ती तर सगळ्यांपर्यंत पोचायलाच हवी!

‘गोपनीय’ही नको, त्याला सरकारी वास येतो. टीएलपी हा कायदा नव्हे, संकेत आहे. तो सांभाळणारी ‘फर्स्ट’ ही देशोदेशीच्या सायबर पथकांची संघटना १९९० सालची. १९८८ च्या मॉरिस वर्मनंतर (वर्म म्हणजे संगणकांत आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम) पथकं उभी राहू लागली, पण पुढच्याच वर्षीच्या दुसऱ्या वर्मच्या वेळी त्यांचा आपसात मेळ बसेना. आपल्या सर्ट-इनने, म्हणजे भारत सरकारच्या सायबर पथकाने, शिक्का मोडला म्हणून जपानचं पथक खटला थोडाच भरणार? पुढच्या वेळी सांगताना हात आखडता घेईल, बस.

जुना वाचक: ‘थ्रेट’चं ‘धमकी’ केलं नाहीत ना? यंत्रं सर्रास करतात. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारी चिठ्ठी ही धमकी. बाकी थ्रेट म्हणजे धोका, वल्नरेबिलिटी म्हणजे कच्चा दुवा आणि रिस्कला बँकेत रुळलेला ‘जोखीम’ आहेच. ‘थ्रेट इंटेलिजन्स’ला मी ‘धोक्याची खबर’ म्हणेन. ‘बुद्धिमत्ता’ छापलेलं पाहिलंय!

नेटवर्कवाला: खबर म्हटलं की खबऱ्या आठवतो. ‘धोक्यांची माहिती’ पुरे.

भाषांतरवाली: मग रेड ‘फक्त ज्यांना दिलं त्या व्यक्तींसाठी’, अंबर ‘संस्था व गरजेपुरते ग्राहक’. रंगांची नावं तशीच ठेवते. पण ग्रीनमधल्या ‘कम्युनिटी’चं काय करू? ‘समाज’ लिहिलं तर लोक जातच समजतील.

जुना वाचक: व्यवसायबंधू?

भाषांतरवाली: आणि भगिनींना कळवायचं नाही? ‘क्षेत्रातल्या इतर संस्था’ लिहिते.