लॅब्राडोर कुत्र्याचे मागचे पाय धरलेत : शेक, हळद, सुया… काय करावं?

जिंतूरकर : आमचा मोत्या, लॅब्राडोर, साडेनऊ वर्षांचा. आडतीतल्या काट्यावर तोलला तर 41 किलो भरला. सकाळी उठायला बघतो अन् मागचे पाय शहाबादीवरून फाकत जातात. चार पावलं चालला की मोकळा होतो. एक्स-रेत खुब्याचा संधिवात निघाला, डॉक्टरांची गोळी चालू आहे. पण घरात प्रत्येकाचा इलाज वेगळा. आई निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून शेकते, मी हळद देतो, मेहुणा म्हणतो पुण्याला नेऊन सुया टोचून (अ‍ॅक्युपंक्चर) आणा. परवा पोरानं माणसाचा दुखण्यावरचा मलम चोळला, तो यानं चाटला अन् रात्रभर ओकला. यातलं लागू काय पडतं?

सेलूचा आखाडेवाला : आमच्या कारवानी कुत्र्याला पाण्यात चालवल्यानं फरक पडला. छातीइतक्या पाण्यात अंगाचा भार हलका होतो, सांध्यावर जोर येत नाही. दुधना नदीला उतार आहे तिथं रोज दहा मिनिटं. शेततळ्यात मात्र चुकूनही सोडू नका. प्लास्टिकवर नखं टिकत नाहीत, तरणंबांड जनावरही वर येत नाही.

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक : मलम पहिले बंद! त्यात डायक्लोफिनॅक असो की गंधपुऱ्याचं तेल, कुत्र्याच्या पोटात गेलं की विषच. वर चालू गोळी त्याच जातीची, म्हणजे सूज-दुखणं कमी करणारी असली तर दुहेरी मारा. ट्यूब घेऊन आजच डॉक्टरांकडे जा. शी काळी दिसली तर रात्र काढू नका. आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉलही घरच्या अंदाजानं नको.

शेक चांगला, पण पाला आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघा. हळदीच्या भरवशावर गोळी सोडू नका. माशाच्या तेलातल्या ओमेगा-3 ला त्यातल्या त्यात आधार आहे, ग्लुकोसामाइनचे निकाल उलटसुलट. सुयांनी काही कुत्र्यांना आराम पडतो, पण पुण्याचे हेलपाटे घालण्याआधी मी परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवीन.

आणि 41 किलो? बरगड्यांवरून हात फिरवा. लागतात का?

जिंतूरकर : नाही लागल्या, म्हणजे वजन जास्तच. मलम डायक्लोफिनॅकचाच निघाला, डॉक्टरांनी रक्त तपासायला घेतलंय. मोत्याच्या वाटेवर वाकळा अंथरल्या, आता घसरत नाही. भाकरी कमी करायचं आईला सांगितलं तर म्हणे, मुक्या जनावराच्या तोंडचा घास काढतो का? तीनवरून दोनवर आणली, तूप बंद. मधल्या वेळी त्याला कोण काय टाकतं, ते काही कळंना.