नियर मिस नोंदवा म्हणे! मग मेमो कोण घेणार?

रातपाळी: परवा एका क्वालिटीवाल्या साहेबांनी लिहिलं की नर्सिंग स्टाफ नियर मिसचे, म्हणजे होता होता टळलेल्या चुकांचे, फॉर्म भरत नाही, कारण 'मानसिकताच नाही', म्हणून प्रत्येक वॉर्डाला महिन्याचं टार्गेट द्या. डोकंच फिरलं. नोव्हेंबर 2021 मध्ये नगर सिव्हिलच्या आयसीयूला आग लागली, 11 रुग्ण गेले. अटक कोणाला? एका वैद्यकीय अधिकारी बाईंना आणि तीन परिचारिकांना. आग काय त्यांनी लावली होती? हे बघितलेली पोरगी स्वतःच्या अक्षरात लिहून देईल का, की 'मी इंजेक्शनची चुकीची अँप्यूल उचलली, सिरिंजमध्ये भरायच्या आधी लक्षात आलं'? आमच्याकडे एकीने दिलं लिहून. केसीएल (पोटॅशियम क्लोराइड, थेट शिरेत गेलं तर जीव घेतं) आणि डिस्टिल्ड वॉटर एकाच ट्रेमध्ये होतं. तिच्याकडून खुलासा मागवला. ट्रे आहे तिथेच आहे.

क्वालिटीवाला: तो साहेब मीच. म्हणजे लिहायचंच नाही? अमेरिकेत 1976 पासून वैमानिक असे प्रकार नासाला कळवतात. दहा दिवसांत कळवलं, मुद्दाम केलेलं नसलं, तर सहसा दंड माफ. नाव काढून टाकतात.

रातपाळी: नासाला कळवतात ना, लायसन्स देणाऱ्या खात्याला नाही! आपला फॉर्म जातो मेट्रनकडे, म्हणजे सिस्टरांच्या प्रमुखाकडे. रजा मंजूर करणारी तीच, मेमो देणारीही तीच.

गोळ्यावाले_काका: फॉर्मचं राहू द्या. आधी डॉक्टरांच्या तोंडी ऑर्डरी बंद करा. रात्री दोनला फोनवर डोस सांगायचा आणि सकाळी केस पेपरवर सही मागितली की 'मी असं म्हणालोच नव्हतो'.

आरएमओ_कायमचा: काका, एसीत बसून बोलणं सोपं आहे. तीन वॉर्ड आणि कॅज्युअल्टी मिळून डॉक्टर मी एकटा. फोनवर नाही सांगणार तर काय उडत येऊ?

गोळ्यावाले_काका: एसी? फार्मसीत पंखा चालला तरी पेढे वाटतो आम्ही. ऑर्डर ऐकणाऱ्याने लिहून परत वाचून दाखवायची, एवढं तर करा. आणि अक्षर!

आरएमओ_कायमचा: परत वाचायला लागली की 'थांबा, दुसरा फोन येतोय' म्हणून सिस्टरच ठेवते.

रातपाळी: सिस्टरच ठेवते! तीस पेशंटमागे एक सिस्टर, तिने किती फोन धरायचे? आणि साहेब, हेच सगळं नियर मिस आहे. हे कुठल्या रकान्यात भरायचं?

आरएमओ_कायमचा: बरं बाई, सही सकाळी राउंडच्या आधी करतो. खूश?

क्वालिटीवाला: विषय भरकटतोय. माझा मुद्दा एवढाच की आकडा शून्य दाखवणारा वॉर्ड सुरक्षित नसतो.

रातपाळी: हे पटलं. पण टार्गेट दिल्यावर काय होतं तेही सांगा. एनएबीएचचे (हॉस्पिटलांना दर्जाचं प्रमाणपत्र देणारे) लोक यायच्या आदल्या रात्री मागच्या महिन्यांचे फॉर्म एकाच पेनाने, एका बैठकीत भरले जातात. सगळ्यात एकच घटना: 'पेशंटच्या हातावर नावाचा बँड नव्हता, वेळीच लक्षात आलं'.

क्वालिटीवाला: आमच्याकडे असं होत नाही.

गोळ्यावाले_काका: पेन दोन वापरत असतील.

क्वालिटीवाला: टार्गेट काढतो, बस? पेटी लावू, नाव नको. पण मग रिकामी राहिली तर माझ्या नावाने ओरडू नका.

रातपाळी: पेटीची किल्ली कोणाकडे, ते आधी सांगा.