जुने गोवे ते पाटो रोज सायकलने: संध्याकाळी रायबंदर कॉजवे घ्यावा की बायपास?

खोर्लीकरीण

नमस्कार मंडळी. घर जुने गोव्याजवळ खोर्लीत, ऑफिस पणजीत पाटोवर. आतापर्यंत बसनेच ये-जा केली. सकाळी कशीबशी जागा मिळते, पण संध्याकाळी स्टँडवर ताटकळायचं आणि मग घरापर्यंत उभ्याने. भावाची गियरची सायकल घरी पडून होती, ती दुरुस्त करून घेतली. रविवारी पहाटे पणजीपर्यंत जाऊन आले, फार बरं वाटलं. आता रोजच न्यायची इच्छा आहे.

प्रश्न परतीचा आहे. मी साडेसहाला सुटते. डिसेंबरात तोवर काळोख होतो. रायबंदरचा कॉजवे (पाण्यातून बांधून काढलेला रस्ता) अरुंद, गाड्या भरधाव. आई म्हणते, त्यापेक्षा मेरशीवरून कदंब पठाराच्या बायपासने ये, रस्ता तरी रुंद आहे. तुमच्यापैकी कोणी रोज हा रस्ता करत असेल तर सांगा. पावसाळ्यात काय करता? आणि ऑफिसात घामाने निथळत पोचायचं का, हेही विचारून टाकते.

मिठागरवाला

बाय, कॉजवेनेच ये. बायपासच्या वाटेला जाऊ नकोस. आईला रुंद रस्त्याचा धीर वाटतो ते समजतं, पण फोंड्याकडची, घाटापलीकडची जड वाहतूक तिथूनच जाते. वर पठाराचा चढ. चढावर तुझा वेग पडतो आणि मागचा ट्रक मात्र त्याच वेगात येतो. उलट बायपास झाला म्हणूनच कॉजवे आपल्यासारख्यांना मोकळा झाला.

मी रायबंदरचा. नोकरीची सगळी वर्षं पणजीला सायकलने गेलो, आता निवृत्त झालो तरी बाजाराला सायकलच. कॉजवे पोर्तुगिजांनी 1630 च्या दशकात बांधला, तेव्हा मोटार कोणाच्या स्वप्नात नव्हती, म्हणून रुंदी बेताची. लांबी सुमारे 3 किमी. एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला मिठागरं, त्यामुळे मध्ये आडवे रस्ते येऊन मिळत नाहीत म्हटलं तरी चालेल. सायकलवाल्याला धोका जास्त असतो तो फाट्यांवर, वळणाऱ्या गाडीचा. तो इथे कमी. संभाळायचं ते पाटोच्या तोंडाशी, जिथे बस एकदम डावीकडे दाबते, आणि रायबंदर गावात, जिथे घरांचे दरवाजे थेट रस्त्यावर उघडतात. पणजीतल्या इलेक्ट्रिक बसगाड्यांचा आवाज येत नाही, तेव्हा कानात काही घालून चालवू नकोस.

वाऱ्याचं सांगतो, कारण या रस्त्यावर निम्मं गणित वाऱ्याचं आहे. थंडीच्या दिवसांत सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, म्हणजे तुला पाठीमागून पणजीकडे नेतो. दुपारनंतर तो फिरतो आणि समुद्रावरून मांडवीच्या पात्राने आत शिरतो, म्हणजे घरी येतानाही पाठीवरच. असं भाग्य मिरामारहून येणाऱ्यांनाही नाही. पावसाळ्यात मात्र वारा पश्चिमेकडूनच. सकाळी छातीवर घेऊन जावं लागतं. गियर हलका ठेव, पंधरा मिनिटं जादा धर, जोर लावू नकोस. घामाचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. उरलेल्यासाठी ऑफिसात एक टॉवेल आणि कोरडा कुर्ता ठेवून दे.

एप्रिल-मेमध्ये साडेसहाला ऊन अजून नदीवर असतं. तेव्हा पाठीमागच्या गाडीला तू नीट दिसतेस. पण समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत सूर्य असतो, आणि तो ओव्हरटेक करायला बाहेर आला की तू त्याला दिसतच नाहीस. म्हणून पुढचा दिवा उजेडातही चालू ठेव. मागचा लाल दिवा तर हवाच. आणि कडेला चिकटून चालवू नकोस, हातभर जागा सोड. कडेला चिकटलीस की मागचा समजतो तुझ्या बाजूने निघायला वाव आहे.

चोडणकर

काकांच्या सांगण्यात एक भर. रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोट लागली की दुचाकींचा लोंढा एकदम रस्त्यावर येतो. जुलै 2025 पासून आमच्या चोडण-रायबंदर मार्गावर रो-रो (गाड्या थेट चढतात-उतरतात अशा) बोटी आल्या, त्यांत गाड्या जास्त मावतात, त्यामुळे लोंढाही मोठा. लांबून बोट लागताना दिसली तर दोन मिनिटं थांबा, सगळे जाऊ द्या. मी त्या लोंढ्यातलाच, घाईत कसे सुटतो आम्ही ते मला माहीत आहे.

चेनला खाऱ्या वाऱ्याने गंज लवकर धरतो. पावसात भिजून आलात की गोड्या पाण्याने धुवा, फडक्याने कोरडी करा आणि मगच तेल. ओल्या चेनवर तेल ओतून काही होत नाही.

पर्वरीकर

तुमचा हेवा वाटतो. आमच्याकडे उड्डाणपुलाच्या कामाने हमरस्त्याची जी दशा आहे त्यातून सायकल काढणं म्हणजे धूळ खाणं. अटल सेतूवर दुचाकीला बंदी. मी पर्वरीहून बेतीला उतरतो आणि फेरीबोटीने पणजी गाठतो. 5 जुलै 1986 ला मांडवीचा पूल कोसळला तेव्हा मी शाळेत होतो. त्यानंतर सगळा बार्देश, म्हणजे मांडवीपलीकडचा आमचा तालुका, या बोटींवर होता. आज तीच बोट सायकलवाल्याला सगळ्यात सोयीची पडते.

पण माझं म्हणणं वेगळं आहे. पणजीत इतकी वर्षं खोदकाम चाललं. स्मार्ट सिटी मोहिमेची मुदतसुद्धा 31 मार्च 2025 ला संपली. मिळालं काय? एवढे रस्ते उकरले तर त्यात सलग सायकलमार्ग का नाही? आपण सगळ्यांनी मिळून कॉजवेवर वेगळा सायकलमार्ग मागितला पाहिजे. आता निवडणुका येतील तेव्हा प्रत्येक उमेदवाराला हाच प्रश्न विचारा.

मिठागरवाला

पर्वरीकर भाऊ, जरूर मागा, सही मीही करीन. पण कॉजवेला रुंद करायचं म्हणजे एकतर नदीत भर घालायची नाहीतर मिठागरांत. मिठागरांना भरतीचं पाणी मानशीतून, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारातून, आत-बाहेर व्हावं लागतं. तिथे मातीचा भराव पडला की मीठही गेलं आणि पावसाच्या पाण्याची वाटही गेली. माझ्या लहानपणी जिथे मीठ पिकायचं तिथले कित्येक वाफे आज पडीक आहेत. सायकलसाठी आणखी बुजवा असं मी म्हणणार नाही.

मला त्याआधी दोन गोष्टी हव्यात. रस्त्याच्या कडेचे दोन फूट झाडलेले असावेत, आणि विझलेले दिवे आठवड्याच्या आत लागावेत. कडेला रेती, खडी, बाटल्यांच्या काचा साचतात, म्हणून सायकलवाला रस्त्याच्या मध्ये सरकतो आणि मागचा हॉर्न वाजवतो. ते दोन फूट स्वच्छ असले तर निम्मे तंटे मिटतील. त्याला ना निविदा लागते ना भूमिपूजन.

आणि सायकलवाले म्हणताना आपण कोणाला धरतो? रविवारी हेल्मेट घालून दोना पावलाला जाणाऱ्यांना. आमच्या वाड्यावरचा पोदेर, म्हणजे पाववाला, बघा. काळोखात निघतो, मागे पाटल्यात (मोठ्या टोपलीत) उंडे आणि पोळ्या, हे आमचे पाव, वर निळं प्लास्टिक. वाऱ्याने ते उडू नये म्हणून जुन्या ट्यूबची पट्टी कापून त्याने ती करकचून आवळलेली. एक हात हँडलवर, एक भोंग्यावर. पाटल्याने मागचा रिफ्लेक्टर पूर्ण झाकला जातो आणि दिवा लावायला जागाच उरत नाही. रात्री दहाला पणजीच्या हॉटेलांतून सुटणारी पोरं, साइटवरचे मजूर, सगळे याच कॉजवेने बिनदिव्याचे परततात. रोज सायकल चालवणारे खरे हेच आहेत, आणि रस्त्याच्या कुठल्याही बैठकीत यांना कोणी बोलावत नाही. ट्रॅक पाच-दहा वर्षांनी होईल. पण ही माणसं आज रात्री दिसली पाहिजेत.

म्हणून मी लाल चकाकणारी टेप घेऊन ठेवतो. पोदेराच्या पाटल्यावर मागून आडवी पट्टी लावली, आता तो गावाच्या वळणावरूनच ओळखू येतो. इतरांना थांबवून विचारतो आणि मडगार्डवर, पेडलच्या कडांना लावून देतो. पेडलवरची टेप वरखाली हलते, म्हणून ती सगळ्यात आधी नजरेत भरते. कोणी अजून नको म्हटलेलं नाही.

चोडणकर

काका, टेप कुठली? दुचाकीच्या दुकानात मिळते ती पावसात सुटते.

मिठागरवाला

ट्रकच्या मागे लावतात ती घे, स्पेअर पार्टच्या दुकानात मीटरवर मिळते. लावण्याआधी जागा स्पिरिटने पुसून कोरडी कर. तेलकट मडगार्डवर कुठलीच टेप धरत नाही.

खोर्लीकरीण

सगळ्यांचे आभार. आईला काकांचं सगळं वाचून दाखवलं. बायपासचा हट्ट तिने सोडला, पण मागे एक नाही, दोन दिवे लावायला सांगितले आहेत. सोमवारपासून सुरू करते. जाताना कॉजवे, आणि काळोख पडला तरी येताना कॉजवेच.

पर्वरीकर, तुमच्या प्रश्नाबरोबर कडेचे दोन फूट आणि दिवे हेही निवेदनात घाला, मी मजकूर टाइप करून देते. आणि काका, आमच्या ऑफिसच्या इमारतीतले दोन सुरक्षारक्षक चिंबलला सायकलने जातात, त्यांच्याकडेही दिवा नाही. टेप मी आणते. तुम्ही कॉजवेच्या कुठल्या टोकाला, किती वाजता असता?

मिठागरवाला

रायबंदरच्या टोकाला, सांजेला सात ते साडेसात. त्यांना घेऊन ये. कात्री माझ्याकडे आहे.