अनुभव धागा: दिवस भरले म्हणजे नेमके किती आठवडे?

प्रसूती कक्ष, सोनोग्राफी, नवजात विभागात काम करणाऱ्या ठाणे-नवी मुंबईकरांनो, इथे लिहा. आपबीती नको, कामाचं सांगा.

लेबर रूम, वाशी
मोजायचं शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, 280 दिवस. बोटांवर करायचं तर नऊ महिने आणि सात दिवस. पाळी 5 जानेवारीला आली असेल तर तारीख 12 ऑक्टोबर. (आज्यांचं ‘नऊ महिने नऊ दिवस’ फार चुकत नाही!) या हिशोबात 21 सप्टेंबरला 37 आठवडे होतात. त्याआधीचं बाळ अपुऱ्या दिवसांचं, हे बरोबर. पण 37 झाले की दिवस भरले, असं नाही. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 मध्ये फोड करून दिली: 39 पूर्ण ते 40 आठवडे 6 दिवस, हे पूर्ण दिवसांचं. 37-38 म्हणजे लवकर, 41 म्हणजे उशिरा, 42 पासून मुदत उलटली.

सोनोग्राफी, नौपाडा
हे गणित 28 दिवसांच्या पाळीचं. पाळी 35 दिवसांनी येत असेल तर तारीख आठवडाभर पुढे जाते. 9 ते 14 आठवड्यांतल्या सोनोग्राफीत सात दिवसांपेक्षा जास्त फरक आला तर सोनोग्राफीची तारीख धरतात, आणि एकदा धरली की पुन्हा हलवत नाहीत. नवव्या महिन्यातल्या रिपोर्टवर वेगळीच तारीख छापून येते नि घरात धावपळ सुरू होते. तेव्हाचं माप तीन आठवडे मागेपुढे असू शकतं. ते बाळाच्या वाढीसाठी बघायचं. पहिला रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यात वर लावा.

एनआयसीयू (नवजात अतिदक्षता विभाग), ऐरोली
“37 झालेत ना, मग पितृपंधरवड्याच्या आत सिझर उरका.” कारण नसताना हे नको. कळा न येता बाळ बाहेर काढलं की फुप्फुसातलं पाणी नीट शोषलं गेलेलं नसतं. श्वास मिनिटाला 60 च्या वर जातो, बाळ कण्हतं, ऑक्सिजन लागतो. साखर उतरते, कावीळ वाढते, पेंगुळलेलं बाळ ओढून पीत नाही. वजन तीन किलो भरलं म्हणून फसू नका.
बीपी वाढलं, वाढ खुंटली, पाणी गेलं, तर मात्र 39 चा हट्ट धरू नये.

कळव्याहून
जुळ्यांना वेगळा हिशोब. दोघांची वार (प्लासेंटा) वेगवेगळी असेल आणि सगळं ठीक असेल तर साधारण 38 आठवडे, दोघांत एकच असेल तर त्याहून आधी.

लेबर रूम, वाशी
40 उलटले की वार थकू लागते, पाणी कमी होतं, बाळ पोटात शी करू शकतं. म्हणून 41 च्या सुमारास कळा सुरू करायचं बोलणं होतं. हालचाल मंदावली वाटली तर डाव्या कुशीवर पडून मोजा. दोन तासांत दहा झाल्या नाहीत तर लगेच निघा, सकाळची वाट नको. पहिलटकरणीने कळा पाच-पाच मिनिटांनी, मिनिटभराच्या, तासभर आल्या की निघावं. घोडबंदर रोडला राहत असाल तर संध्याकाळी त्याहूनही आधी. पाणी गेलं तर कळांसाठी थांबू नका: वेळ नि रंग लिहून ठेवा, हिरवट असेल तर फोनवरच सांगा.